सातव्या रकान्यातली हजेरी

सुनयनानं अर्धा जिल्हा बघितलाय, तोही खुर्चीवरून न उठता.

बेळगावच्या कंट्रोल रूममध्ये ती कानाला हेडफोन लावून बसते. संकटात सापडलेल्या माणसांचे फोन तिथं येतात. मग ती कुठं पोलिसांची गाडी धाडते, कुठं आगीचा बंब, कुठं अँब्युलन्स. माणसं पत्ता सांगतात तोही कसा? 'म्हसोबा हाय न्हवं, त्येच्या फुडं कॅनॉल उतरला की चिंच लागती, तितनं डाव्या हाताला.' जणू सुनयना लहानपणी त्याच चिंचेवर सूरपारंब्या खेळलेली. पण सहा वर्षांत असल्या चिंचा, कॅनॉल आणि म्हसोबा तिच्यात इतके साठलेत की झोपेत ते आपोआप एकमेकांना जोडले जातात. स्वप्नात ती चालायला लागते. एका कॅनॉलवरून दुसऱ्या चिंचेखाली, तिथनं तिसऱ्याच गावच्या देवळाकडं. पायांना माती लागत नाही, कुत्री भुंकत नाहीत. घरोघरी दारं उघडी असतात आणि आत माणसं तिची वाट बघत बसलेली असतात.

सगळ्यात जास्त वेळा ती जाते बोरमळ्याला. निपाणीच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत असलेलं हे गाव. स्वप्नातल्या बोरमळ्यात एक विहीर आहे, दारात जास्वंद आहे, घराला निळा रंग आहे. हे सगळं तिनं पदरचं घातलेलं. तिला खरं ठाऊक होतं ते एवढंच, की घर पिठाच्या गिरणीच्या मागं आहे आणि त्या घरात गंगव्वा नावाची बाई राहते.

गेल्या माघात, भर दुपारी, गंगव्वाचा फोन आला होता. नवरा, यल्लाप्पा, भाकरीचा तुकडा मोडता मोडता कलंडला होता. हाक मारली तर ओ देत नव्हता, श्वास चालत नव्हता. सुनयनानं चिकोडीहून गाडी सोडली. नियमाप्रमाणं तिथं तिचं काम संपलं. पण पलीकडं गंगव्वा एकटी होती आणि गाडीला यायला वीस मिनिटं तरी लागणार होती.

"आक्का, त्यांना उताणं निजवा. छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून जोरात दाबायचं, सोडायचं."

"किती जोरात गं बाई? कवा दाबू, कवा सोडू, काय उमगंना मला."

तेवढ्यात फोनमधून पुक पुक पुक पुक असा आवाज ऐकू आला. गावातली लाइट गेली होती आणि गिरणीवाल्यानं डिझेलचं इंजिन चालू केलं होतं.

"गिरणी ऐकू येतीय न्हवं? एका पुकाला एकदा दाबा. तिचं ऐका, दुसरं कुणाचं ऐकू नका."

एकोणीस मिनिटं. पुक, दाब. पुक, दाब. सुनयना इकडं खुर्चीत बसून स्वतःच्या मांडीवर हात दाबत होती, हे तिला नंतर मांडी दुखायला लागल्यावर कळलं. मग गाडीचा भोंगा ऐकू आला, पावलं वाजली आणि फोन बंद झाला. पुढं यल्लाप्पाचं काय झालं, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगायची पद्धतच नाही. तिच्याकडं गोष्टी येतात त्या सुरुवातीच्या. शेवट दवाखान्याचे, नाहीतर पोलिसांचे. तिला मात्र नोटीस मिळाली. गाडी रवाना केल्यावरही कर्मचाऱ्यानं विनाकारण एकोणीस मिनिटं फोन चालू ठेवला, खुलासा करावा. तिनं खुलासा केला, माफी मागितली आणि ती नोटीस कपाटात साड्यांच्या खाली दडपून ठेवली.

आता बेंगळुरूहून फॉर्म आले होते. फोन घेणाऱ्या या बायकांना कुठल्या यादीत घालायचं, हे एकदाचं ठरणार होतं. आजवर त्या होत्या 'डेटा एन्ट्री'. म्हणजे जन्माला येणारं पोर, विहिरीत पडलेला माणूस, पेटलेली गंजी, सगळी आपली एन्ट्री! यापुढं त्यांना आपत्कालीन सेवेतले कर्मचारी म्हणायचं की टायपिस्टच ठेवायचं, हे त्या फॉर्मवर अवलंबून होतं आणि फॉर्ममधल्या सातव्या रकान्यात प्रश्न होता: घटनास्थळी हजर असता काय? हौदु किंवा इल्ला. होय किंवा नाही, बास. सरकारी कागदाला डोळे असतात, कान नसतात, त्याला आपण तरी काय करणार!

अठराच्या अठरा जणींनी प्रामाणिकपणे 'इल्ला' लिहिलं. टिळकवाडीची भैरवी वकिलाची मुलगी. ती म्हणाली, "आपण इथं एसीत बसतो गं. घटनास्थळी होते म्हणून खोटं कसं लिहायचं?" सुनयनानंही इल्ला लिहिलं. पण फॉर्म दिला मात्र नाही. सुपरवायझर उपेंद्र सर माणूस बरा. म्हणाले, "सोमवारी दे. हौदु लिहायचं असलं तर पुरावा जोड."

रविवारी सकाळी, बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या घरी, आईनं, मनुबाईनं, तिला फॉर्म पुढ्यात घेऊन बसलेलं बघितलं. मनुबाईची सगळी उमर निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेली. खोकला अजून तिथलाच आहे.

"काय इचारत्यात त्यात?"

"मी कोण ते."

मनुबाई हसली, खोकली, परत हसली. "मला मस्टरावर हंगामी म्हणायचे. हंगाम चाळीस वर्सं चालला बघ."

सुनयनाला मात्र हसू आलं नाही. ती म्हणाली, "आई, बोरमळ्याचा तो माणूस जगला असला तर मला हौदु लिहायला तोंड हाय. न्हाईतर काय, नुसतं बोललेच की मी."

"मग हितं बसून कसं कळंल? जा की, इचारून ये."

कपाटातली नोटीस तिनं फॉर्मच्या घडीत ठेवली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. निपाणीच्या बसमधून उतरून ती माणसं कोंबलेल्या वडापच्या जीपमध्ये बसली आणि खिडकीतून बघते तो काय, झोपेतला मुलूख जागेपणी पळत होता. कॅनॉल होता, चिंच होती, म्हसोबाही शेंदूर लावून बसलेला. फक्त या खेपेला कुत्री भुंकली आणि चपलेत माती गेली, एवढाच फरक.

बोरमळ्यात विहीर नव्हती. जास्वंद नव्हती. गिरणीच्या मागच्या घराला रंगच नव्हता. दारात एक बाई शेंगा फोडत बसली होती. सुनयना म्हणाली, "आक्का, गंगव्वा तुम्हीच न्हवं?"

बाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं वर बघितलंच नाही. डोळे मिटले आणि म्हणाली, "परत बोल."

"मी बेळगावहून आलेय. त्या दिवशी फोनवर..."

"गिरणीची बाई!" गंगव्वानं तिचा हात धरून तिला आत ओढलं. आत भिंतीवर यल्लाप्पाचा फोटो होता. फोटोला हार होता.

गाडीत घ्यायच्या आधीच, इथं घरातच तो गेला होता, गंगव्वा सांगत होती, चिकोडीचा दवाखाना त्याला दिसलाच नाही. स्वप्नात आपण एवढ्या वेळा या घरात आलो आणि दर वेळी हा माणूस गेलेलाच होता, असं सुनयनाला वाटलं आणि तिला रडू फुटलं. चहा कसाबसा संपवून ती उठली. फॉर्मचं नाव काढायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात शेजारची गुणाबाई डोकावली. "कोण गं पावणी?"

"वळखली न्हाईस व्हय?" गंगव्वा म्हणाली. "मालक गेलं तवा घरात कोण कोण हुतं म्हणून तूच इचारलं हुतंस की मला. मी काय सांगितलं?"

"दोघी हुतो म्हणालीस. मला वाटलं, दुःखानं काहीबाही बोलतीयास."

"ही दुसरी." गंगव्वानं सुनयनाच्या पाठीवर हात ठेवला. "मी दमले तवा हिनं दमू दिलं न्हाय. एकली असते तर आरडत रस्त्याला पळाले असते, आन् त्यो हितं एकलाच गेला असता. तसं झालं न्हाय. त्येच्या उशाला आमी दोघी हुतो."

सुनयना परत खाली बसली. तिनं पिशवीतून फॉर्म काढला. त्याच्या घडीतली नोटीस जमिनीवर पडली, ती उचलून तिनं फॉर्मला टाचणीनं जोडली. कर्मचाऱ्यानं एकोणीस मिनिटं फोन चालू ठेवला. यापरता पुरावा कुठला?

"आक्का, एक सही लागंल. साक्षीदार म्हणून."

"कशाची साक्ष?"

"मी हितं हुते, ह्याची."

"मग हुतीसच की," गंगव्वा म्हणाली आणि कन्नडात एकेक अक्षर जपून काढत तिनं नाव लिहिलं. बाहेर लाइट गेली. गिरणीचं इंजिन दोनदा गुरगुरलं आणि पुक पुक करत चालू झालं. दोघींनी एकदमच मान वर केली. आवाज फोनवरच्यापेक्षा जवळून येत होता, भिंत हलत होती.

त्या आवाजातच सुनयनानं सातव्या रकान्यातल्या 'इल्ला'वर आडवी रेघ मारली आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, हौदु.