उणे एकशेचाळीसवरची कोंबडी

रितेशची धुरपेटी रविवारी दुपारी नीरजाताईंच्या डोळ्यांदेखत जळाली आणि त्याचं गावात राहणंही तिच्यातच जळालं. पण असं काही झालेलं नाही. काशीरामांच्या घरात तसं एकमताने ठरलंय, आणि तीन माणसांच्या त्या घरात एकमत काही रोज होत नाही. म्हणून आपणही ते पाळू आणि सकाळपासून सुरुवात करू.

सकाळी पडवीत त्याच्या बायकोचं, सानिकाचं कपाट उभं होतं. लग्नात तिच्या माहेराहून आलेलं, लोखंडी, आरशाचं. रितेशने त्यातल्या साड्या काढून खाली शेगडीची कॉइल बसवली होती, तिच्यावर आंब्याच्या लाकडाच्या ढलप्यांचा तवा ठेवला होता, आणि वर आकड्याला दीड किलोची कोंबडी टांगली होती. आरशाच्या जागी टेंपरेचर कंट्रोलर. आत एकशेदहा अंश झाले की तो कॉइल बंद करणार, खाली आले की चालू. चार तास असा धूर खाल्लेली कोंबडी मालगुंडच्या नीरजाताईंना पसंत पडली, तर त्या आपल्या बागेतल्या पर्यटकांच्या खोल्यांसाठी अशा पेट्या घेणार होत्या आणि त्या चालवायला रितेशलाच ठेवणार होत्या. नाही तर सोमवारी रितेश परत भांडुपला, लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीवर. त्या नोकरीत सहा वर्षं तो रोज एकविसाव्या मजल्यापर्यंत पोचला होता आणि रोज खाली आला होता.

"कपाट परत मिळेल ना?" सानिकाने विचारलं.

"मिळेल. थोडा वास राहील."

"राहू दे. साड्यांना कोंबडीचा वास आला तर लोक म्हणतील, सून खात्यापित्या घरातली आहे."

सगळं जोडून झालं होतं. सेन्सरच्या दोनच तारा राहिल्या होत्या, एक लाल, एक पिवळी. मुद्दाम ठेवल्या होत्या. शुभकामात शेवटचा हात वडीलधाऱ्याचा लागतो, आणि रितेशचे वडील काशीराम तर निवृत्त वायरमन. ते आंघोळ करून, खिशाला टेस्टर लावून आले आणि त्यांनी लाल तार प्लसला आवळली.

"आबा," रितेश म्हणाला, "ह्या सेन्सरात लाल ती मायनस. कागदावर लिहिलंय."

"कुठला कागद?"

"परदेशी आहे."

"मग तिकडे असेल. छत्तीस वर्षं खांबावर काढली मी. लाल मायनस असती, तर आज भिंतीवर फोटोत असतो."

यावर उत्तर होतं, पण वडलांना द्यायचं नव्हतं. आबा उठले की तारा बदलू, असं रितेशने ठरवलं. दीड मिनिटाचं काम. पण काशीरामांनी झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले, त्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार चढवला, नारळ फोडला आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. पूजा झालेली वस्तू त्या दिवशी उघडत नाहीत.

अकराला नीरजाताई आल्या. रितेशने बटण दाबलं. आकडा एकतीस होता. तो एकोणतीस झाला, मग चोवीस.

"उतरतोय का हो, काका?"

"आधी आतली थंडी बाहेर पडते," काशीराम म्हणाले. "मग चढतो."

थंडी पुष्कळ होती. शून्य गेलं, उणे चाळीस गेलं. तारा उलट्या, त्यामुळे आत जितकं तापेल तितका आकडा खाली; कोंबडी गारठून चालली आहे अशा समजुतीने कंट्रोलर कॉइल बंद करेना. उणे शंभरच्या सुमारास फटींतून काळा धूर यायला लागला.

"काका, उणे शंभरला धूर येतो?"

"बर्फाचा येत नाय?"

रितेशचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे," आबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. रितेशने हात मागे घेतला. बत्तीस वर्षांचा होता तो.

उणे एकशेचाळीसला कोंबडीची चरबी कॉइलवर गळली आणि कपाट आतून पेटलं. मग रितेशने बटण बंद केलं, सानिकाने घमेलंभर माती ओतली. नीरजाताई "कळवते हं" म्हणाल्या आणि गाडी वळवायलाही न थांबता मागच्या मागे रस्त्यापर्यंत गेल्या. तासाभराने मेसेज आला, सध्या नको.

सानिकाने साड्या चादरीत बांधून खाटेखाली सारल्या. संध्याकाळी काशीराम चष्मा लावून तो परदेशी कागद वाचत बसले होते. एका ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ होतं. रितेशने दारातून ते पाहिलं. काहीतरी म्हणतील म्हणून तो थांबला.

"किती वाजताची गाडी?" त्यांनी विचारलं.

"पावणेनऊ."

"जेवून घे."

बुधवारी भांडुपला, दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टच्या डोक्यावर उभा असताना, रितेशला सानिकाने एक फोटो पाठवला, ग्रामपंचायतीत दिलेल्या अर्जाचा. अक्षर आबांचं होतं.

"प्रति, मा. सरपंच. विषय : पाण्याच्या टाकीस लिफ्ट बसवून मिळणेबाबत. महोदय, गावातील टाकी चौदा मीटर उंच असून वर जाण्यास केवळ लोखंडी शिडी आहे. सदर शिडी वृद्धांस त्रासदायक आहे. वृद्ध टाकीवर चढत नाहीत हे खरे, परंतु चढावेसे वाटल्यास सोय नाही. तरी सदर टाकीस लिफ्ट मंजूर करून तिच्या देखभालीसाठी अर्जदाराचा मुलगा रितेश, अनुभव सहा वर्षे, यास गावीच कायम नेमण्यात यावे, तसेच वायरिंगचे काम त्याच्याकडूनच करून घ्यावे व अर्जदारास त्यास हात लावू देऊ नये, ही नम्र विनंती."