हिरवा चौकोन

धाकट्याच्या नाकावर ठोसा बसला आणि रक्ताचा शिंतोडा दोरांपर्यंत उडाला, तेव्हा ती कॅमेऱ्याच्या शटरचा वेग वाढवून बटण दाबत होती.

"आला का फोटो?" शेजारच्या खुर्चीवरून काकांनी विचारलं.

"आला. थेंबन् थेंब वेगळा दिसतोय."

काका लग्नांचे फोटो काढत. त्यांनी नवा कॅमेरा घेतला होता आणि हा जुना विकायला काढला होता. तिला तो हवाच होता. या हॉलमधल्या मिणमिणत्या दिव्यांत तिच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात ठोसे म्हणजे नुसते धुरकट फराटे उमटत आणि असले फोटो खेळाडूंच्या घरचे कशाला विकत घेतील? नव्या कॅमेऱ्याच्या किमतीकडे बघायची सोय नव्हती. पण वापरलेली वस्तू म्हणजे कुणाच्या तरी डोक्याचा गेलेला ताप, तेव्हा तिने अट घातली होती की आधी मुष्टियुद्धाच्या सामन्यात चालवून बघणार. काका हसत तयार झाले.

सामना नेमका तिच्या धाकट्या भावाचा निघाला. आई त्याला रिंगणात उतरू देई ती एकाच भरवशावर: ताई तिथे असते, ताईचं लक्ष असतं.

लक्ष तर होतंच. समोर चेहरा आला की कॅमेऱ्यात एक हिरवा चौकोन उमटे आणि त्या चेहऱ्याला चिकटून बसे. धाकटा वाकला की चौकोन वाकायचा. समोरच्या दांडगटाने त्याला कोपऱ्यात कोंडून बुकलायला सुरुवात केली. बरगडीत, कानशिलात, पुन्हा बरगडीत. चौकोन जराही ढळला नाही. ती हरखून गेली. लाज वाटावी इतकी हरखली, पण लाज वाटायला तेव्हा तिला सवड नव्हती.

पुढच्या फेरीत लोक बाकांवर चढून "फोड त्याला! फोड!" असं किंचाळू लागले. धाकट्याची भुवई फाटली. तो गुडघ्यावर आला, धडपडत उठला आणि उठताक्षणी त्याच्या जबड्यावर पुन्हा दणका बसला.

चौकोन गायब झाला.

तिने भिंग पुसलं, बटणं दाबून पाहिली.

"काका, हा चेहराच पकडत नाहीये."

"शक्यच नाही! अगं, नाचणाऱ्या अख्ख्या वऱ्हाडातून यानं नवरदेव शोधून काढलाय."

"मग आता काय झोपलाय? म्हणूनच गळ्यात मारताय होय माझ्या?"

काकांना ते झोंबलं. "त्या दुसऱ्यावर धरून बघ."

तिने धरला. दांडगटाच्या चेहऱ्यावर चौकोन तत्काळ उमटला. तिने कॅमेरा पुन्हा भावाकडे वळवला. काहीच नाही. तेवढ्यात त्याच्या तोंडातली दातांवरची पट्टी लाळेसकट बाहेर उडाली.

"बघा. माझ्या भावावर बसतच नाही."

काकांनी कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. ते रिंगणाकडे बघत होते.

"पोरी, खाली ठेव तो. नुसत्या डोळ्यांनी बघ."

तिने कॅमेरा खाली घेतला. दोरांना टेकून जो उभा होता त्याचे डोळे सुजेत बुडाले होते, नाक एका बाजूला गेलं होतं आणि ओठ कुठे संपतात ते कळत नव्हतं. हात खाली लोंबत होते. दांडगट मारतच होता आणि भावाचा उस्ताद खालून ओरडत होता, "उभा आहे! अजून उभा आहे!"

दोर कसे ओलांडले ते तिला कळलं नाही. भावाला मिठी मारताना एक ठोसा तिच्या खांद्यावर बसला आणि हात बधिर झाला, तरी तिने मिठी सोडली नाही.

"थांबवा! मरेल तो!"

पंचाने दोन्ही हात हलवून सामना थांबवला. लोकांनी तिला शिव्या घातल्या, बाटल्या फेकल्या. एक तिच्या पाठीवर फुटली.

मागच्या खोलीत डॉक्टरांनी भुवईला टाके घातले. डोळे वाचले, म्हणाले, पण अजून थोडा मार बसता तर सांगता आलं नसतं. धाकट्याने चाचपडत तिचा हात शोधला.

"ताई, काकांच्या कॅमेऱ्यात मी कसा आलोय गं? डोळे उघडले की दाखव हं."

सगळं आलं होतं. बसलेला प्रत्येक ठोसा, स्वच्छ, रेखीव.

"नाही रे. अंधार होता. एकही फोटो आला नाही. कॅमेराच भंगार निघाला."

काका दारातच उभे होते. संध्याकाळभर त्यांनी त्या कॅमेऱ्याबद्दल एक वावगा शब्द खपवून घेतला नव्हता.

"हो रे बाळा," ते म्हणाले. "डबाच आहे तो."