दोन धन्यांची खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. कारखान्यात मला एका माणसाच्या वजनासाठी घडवले. पण मी कायम दोघांची राहिले. एकाच वेळी नव्हे. परमुलखातून कामाला आलेल्या लोकांच्या त्या खोलीत जागा थोडी आणि माणसे फार, म्हणून एका खाटेला दोन धनी असत. एक रात्री झोपणारा, एक दिवसा.

माझा रात्रीचा धनी गवंडी होता. उजाडायच्या सुमारास उठून तो इमारतीच्या कामावर जाई. त्याच वेळी दिवसाचा धनी, पावाच्या भट्टीवर रात्रपाळी करणारा एक तरुण, पिठाने पांढरा होऊन परते. दोघांची गाठ दारातच पडायची.

"मिस्त्री, आज तरी भिंत सरळ बांधा," तरुण म्हणे.

"तू पाव जाळू नकोस म्हणजे झालं," म्हणत गवंडी जिना उतरू लागे.

गवंड्याची बायको आणि लहान मुलगी गावी होत्या. वर्षभर खाडा न करता काम केले, तर त्यांना इकडे आणायची परवानगी मिळणार होती. वर्ष भरत आले होते.

त्यात थंडी पडली. खोलीत शेगडी नव्हती. तरुण रस्त्यावरून काकडत येई आणि गवंड्याच्या अंगाने ऊबदार झालेल्या अंथरुणात शिरे. लोखंड उष्णतेचे चांगले वाहक असते, त्यामुळे लहानसा फरकही मला लवकर कळतो. एका सकाळी गादीतून माझ्या पट्ट्यांपर्यंत आलेली ऊब रोजच्याहून जास्त होती. दुसऱ्या सकाळी त्याहून जास्त.

"मिस्त्री, काल काय निखारे ठेवून उठला होतात? मस्त झोप लागली."

"झोप मुकाट्याने. उबेचं भाडं अजून लावलं नाही मी." हसताहसता गवंड्याला खोकला आला.

मला वाचा नव्हती, मित्रांनो.

पुढच्या सकाळी तरुणाने गादीवर हात ठेवला. गादी घामाने ओली होती. गवंडी नुकताच बाहेर पडला होता, त्या दाराकडे त्याने पाहिले. मग भिंतीकडे तोंड करून तो झोपला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा गवंडी जमिनीवर बसलेला होता. अंथरूण नीट आवरलेले, पायांत बूट. पण त्याला उठता येत नव्हते.

"तुझी जागा मोकळी केलीय रे," तो म्हणाला.

तरुणाने त्याच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. त्याने गवंड्याला उचलून माझ्यावर निजवले. त्याने बोलावून आणलेल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि न्यूमोनिया सांगितला. "इतके दिवस काय करत होतात?" असे त्यांनी विचारले गवंड्याला, पण मान खाली गेली तरुणाची.

गवंडी तापात एकच पुटपुटत होता, "खाडा पडेल." मुकादमाला बदली माणूस चाले, रिकामी जागा चालत नसे. तरुणाने गवंड्याचे बूट पायांत घातले आणि तो कामावर गेला. मग गवंडी बरा होईपर्यंत त्याने रात्री पीठ मळले आणि दिवसा वाळू-सिमेंट कालवले. "माल कालवतोयस की कणीक तिंबतोयस?" असे मुकादम रोज विचारतो, हे तो सांगे तेव्हा गवंडी पडल्यापडल्या हसे. जेवढी झोप मिळे तेवढी तो माझ्या पायांशी, फरशीवर घेई.

वर्ष भरले. बायको-मुलगी आल्या. पण गवंड्याची छाती पूर्वीसारखी झाली नाही. परांचीवर चढताना त्याला धाप लागे, म्हणून तो जमिनीवरचीच कामे करू लागला. पुढे तरुणाने स्वतःची बेकरी काढली. तिची भट्टी गवंड्याने बांधली, आणि मी मागच्या खोलीत राहायला आले. लोक दोघांच्या दोस्तीचे कौतुक करीत. तरुण तेवढ्यात काहीतरी काम काढून उठून जाई.

एके दुपारी गवंड्याची बायको पीठ चाळताना म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून आमचा संसार उभा राहिला."

तरुण माझ्या कडेवर बसला होता. "तसं म्हणू नका, वहिनी. त्यांना ताप आहे हे मला ते कोसळायच्या आदल्या दिवशीच कळलं होतं."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर खाट द्यावी लागली असती. मला झोप आली होती."

तिची चाळणी थांबली. "हे त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"सांगा," ती म्हणाली, आणि पुन्हा चाळू लागली.

त्याच संध्याकाळी त्याने सांगितले. ऐकून गवंड्याने हातातली थापी खाली ठेवली.

"त्या दिवशी मी जिन्यात थांबलो होतो," तो म्हणाला. "वाटलं, तू हाक मारशील."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तरुणाला सोपे गेले असते.

मित्रांनो, आता माझ्यावर कोणाचीच पाळी नसते. बेकरीत ज्याला बरे वाटत नसेल, त्याने कामावर न जाता इथे पडायचे, असा इथला नियम आहे. तुमच्याही घरातून, वर्गातून कोणीतरी काही न बोलता आवरून निघत असेल. त्याला हाक मारा. तुम्हाला कितीही झोप आलेली असो.