वाऱ्याला आडवं

प्राप्तीने प्रोजेक्टरची वायर गुंडाळली, तो कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

चौलजवळच्या त्या बर्फाच्या कारखान्यात सुरक्षेची जबाबदारी तिची. गेल्या वर्षी अमोनिया सुटला, तेव्हा तिने कामगारांना दिलेल्या प्रशिक्षणाला चारच दिवस झाले होते. हजेरीपत्रकावर सगळ्यांच्या सह्याही होत्या. तरी सगळे फाटकाकडे धावले. गमबूट चढवताना काढलेल्या चपला तिथेच असतात. पाय सवयीने तिकडेच वळले. वारा समुद्रावरून येत होता, गॅसही फाटकाकडेच निघाला होता. ट्रक भरणाऱ्या धर्माचा डावा डोळा गेला.

त्यानंतर माणूस शिकतो कसा, यावरचं मिळेल ते तिने वाचून काढलं. पुन्हा पुन्हा सांगितलेलं टिकत नाही. विसरायला आलेलं स्वतः आठवून काढावं लागलं, तर टिकतं.

आता ती सांगणार नव्हती. विचारणार होती.

पहिला दिवस.

बर्फ फोडणाऱ्या रंगूमावशींना तिने मध्येच थांबवलं. आत्ता गॅस सुटला तर कुठे जाल? फाटकाकडे, मावशी म्हणाल्या. प्राप्तीने धक्क्यावरच्या होड्यांचे बावटे दाखवले. ते फडफडतात त्या दिशेला गॅस जाणार. आपण ओलं फडकं नाकाला लावून वाऱ्याला आडवं चालायचं. म्हणजे आज मागच्या दाराने, सुरूच्या बनाकडे. वारा बदलला की वाटही बदलते.

तिसरा.

सतरा जणांपैकी नऊ चुकले.

दहावा.

कधी चहाच्या वेळी, कधी ट्रक भरताना ती विचारी. लोक वैतागले.

“मॅडम, बदाम खात जा,” रंगूमावशी म्हणाल्या. “दर येळी इसरता.”

हशा झाला. दोनच चुकले.

अडतिसावा.

कुणीच चुकलं नाही. प्राप्तीला मात्र चैन नव्हतं. गॅस विचारून सुटत नाही.

एकसष्टावा. सकाळचे अकरा.

कॉम्प्रेसरच्या खोलीत काहीतरी फुटलं. भोंगा वाजला.

कुणी ओरडलं नाही. सतरा माना एकदम बावट्यांकडे वळल्या. पंचे, ओढण्या, पदर पाण्यात बुडाले, नाकावर गेले. आणि माणसं चालू लागली. वाऱ्याला आडवी, एकामागून एक, भरतीचं पाणी खाडीत आपली वाट धरतं तशी. प्राप्तीच्या अंगावर काटा आला. तिने रुजवलेलं हे, पण आता तिचं राहिलं नव्हतं. ते त्यांच्या पायांत उतरलं होतं. ती चालता चालता वळून बघत राहिली.

मग डोळे झोंबू लागले. तिने खाली पाहिलं. तिच्या हातात फाटकाची कडी होती.

कुणीतरी तिचं मनगट धरलं. रंगूमावशी परत आल्या होत्या. ओला पदर तिच्या नाकावर दाबून त्यांनी तिला ओढतच बनात नेलं.

खोकला थांबल्यावर प्राप्तीने यादी काढली. सतरा नावं, सतरा माणसं.

“अठरा,” रंगूमावशी म्हणाल्या.

प्राप्तीने नावं पुन्हा मोजली. सतराच.

“तुमाला कुनी इचारलंच न्हाय, मॅडम.”

तिने यादीच्या तळाशी स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद मावशींच्या हातात दिला.

“कवा इचारू?”

“ते मला सांगू नका.”