तीस अंश

माझे मोठे दीर मदतीला आले की मला धास्तीच वाटते. माणूस लाखमोलाचा, पण विचारायची सवय म्हणून नाही.

नवरा गेल्यावर मी शेडला कुलूप घातलं. आत त्याचा चेनसॉ होता आणि अर्धवट चिरलेला अक्रोडाचा ओंडका. आमच्या जेवणाच्या टेबलासाठी त्यातून दोन फळ्या त्याने काढल्या होत्या, बाकीच्या राहिल्या. त्याने कानशीने घासून धार लावलेल्या चेननेच त्या काढून टेबल पुरं करायचं, एवढंच मला हवं होतं. सुताराला यायलाही सांगितलं होतं.

आदल्या दिवशी भाऊजी चावी घेऊन गेले आणि खुशीत परत आले.

"खिळ्यावर टांगलेली चेन घासून ठेवली. पठ्ठ्याने सगळे दात चुकीचे घासले होते. दहा-बारा अंश! तीस ठेव, तीस ठेव म्हणून घसा कोरडा केला मी. ऐकेल तर शपथ!"

"भाऊजी, ती फळ्या काढायची चेन होती," मी म्हणाले.

खोड आडवं तोडायचं तर दाताची धार तीस अंश तिरकी हवी. ओंडका उभा चिरून फळ्या काढायच्या तर ती जवळजवळ सरळ लागते, नाहीतर फळी खरबरीत निघते. भाऊजी झाडं तोडणारे, माझा नवरा फळ्या काढणारा. यावरून दोघांची कायम जुंपायची. "तू त्या चेनने करतोस काय?" असं भाऊजींनी कधी विचारलं नाही, आणि यानेही हट्टाने सांगितलं नाही. एकाच माळेचे मणी!

मी सांगितलं तसा भाऊजींचा चेहरा उतरला. चेन आणून त्यांनी दात उजेडात धरले. मुळात झिजलेले दात. कोन बदलताना उरलंसुरलं पोलादही गेलं होतं.

"आता घासायला काही राहिलंच नाही गं," ते म्हणाले. "त्याच्या हातचं सगळं मी घालवलं."

चांगलं फैलावर घ्यावं असं मनात होतं. पण ते एकेक दात पुन्हा अंगठ्याने चाचपत राहिले आणि मलाच रडू फुटलं.

सकाळी ते नवी चेन घेऊन आले. माप अचूक होतं. दुव्यांमधलं अंतर, जाडी, दुव्यांची संख्या, सगळं चेन जिच्यावर फिरते त्या चेनसॉच्या पट्टीवर कोरलेलं असतं. दुकानातली चेन साधारण तीस अंशांचीच येते, म्हणून त्यांनी ती शिकंज्यात धरली, कानस उचलली आणि ते थांबले.

"दहाच अंश ठेवायचा का गं तो? की आणखी कमी? मी नीट मोजलंच नाही. चूक दिसली आणि घासत सुटलो."

"मला नाही माहीत, भाऊजी."

सुतार दारात येऊन उभा होता. भाऊजींनी कानस दातावर टेकवली, पुन्हा उचलली.

"तो होता तेव्हा विचारायला हवं होतं," ते म्हणाले.