दाराबाहेरचे बूट

बतूलखानमने दोघी अनोळखी पोरींना आत घेतलं आणि कडी सरकवली. इराणमधल्या कराज शहराच्या चौकात रुमालसक्तीविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार सुरू झाला होता. पळणाऱ्या पोरांसाठी गल्लीतली बरीच दारं हल्ली किलकिली असत. बतूलचंही होतं.

धाकट्या यल्दाचं कोपर सोललं होतं. डोक्याला रुमाल नाही, केस मोकळे. धापा टाकत तीच म्हणाली, "आजी, घाबरू नका हं!"

बतूलला हसावं की रडावं कळेना. सारा जन्म भीतीपोटी तिनं केसाची एक बट बाहेर दिसू दिली नव्हती, आणि ही चिमुरडी तिलाच धीर देतेय!

"अगं, रक्त येतंय तुला."

"येऊ दे. ही सोगंद पोलिसांच्या गाडीपुढे उभी राहिली, आजी! गाडी थांबली, पण बाई हलल्या नाहीत."

"पुरे गं तुझं," सोगंद पुटपुटली.

बतूलचं कौतुक डोळ्यांत मावेना. मग तिची नजर पोरींच्या पायांकडे गेली.

"बूट कुठायत?"

"बाहेर काढले. तुमच्या गालिच्यावर कसे आणायचे?"

बतूलने कपाळावर हात मारला. जीव मुठीत धरून पळाल्या, आणि बूट मात्र दाराशी नीट लावून आल्या! कुणाच्या गं या लेकी?

तेवढ्यात जिन्यात जड पावलं वाजली. बतूलने डोक्यावरून काळी चादर ओढली, दार बोटभर उघडलं. बंदूकवाला तरुण बुटांकडेच बघत होता.

"आत कोण आहे?"

"बायकांची शोकाची मजलिस आहे, बाळा. इमामांसाठी रडतायत. डोकी उघडी आहेत, पुरुषमाणसानं आत येऊ नये."

"दोघींचीच मजलिस?"

बतूलने दाराची फट अंगानं झाकली.

समोरचं दार उघडलं. अशरफखानम! तिचा नवरा याच लोकांच्या कचेरीतला साहेब. दंगा सुरू झाल्यापासून बतूल तिच्याशी सलामापलीकडे बोलली नव्हती. तरुणाने तिला ओळखलं, अदबीनं मान झुकवली.

अशरफने बूट पाहिले. एकावर रक्ताचा थेंब होता. मग तिने आपल्या चपला काढल्या आणि त्या बुटांशेजारी ठेवल्या.

"उशीरच झाला मला," ती म्हणाली. "सुरुवात झाली का गं, बतूल?"

"तुझ्यासाठीच खोळंबलोय."

आत येऊन अशरफ भिंतीशी बसली आणि मोठ्यानं रडू लागली, जिन्यात ऐकू जाईल इतकं. पावलं खाली उतरली. खालचं दार आपटलं. यल्दाने हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाई, गेला तो. आता पुरे."

अशरफचं रडणं काही थांबेना.