तीन वाट्यांतली माती

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी बायका जिन्यावरून वर येतच होत्या. फर्निचरच्या दुकानावरचा हॉल तो. खाली पलंग विकायचे आणि वर चमत्कार. स्टेजवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत निर्मळमाई बसली होती. तिच्यापुढे चांदीच्या तीन वाट्या आणि वाट्यांत 'पावन माती'. समोरच्या खुर्चीतल्या मुलीचे दोन्ही गाल मुरमांच्या काळ्या डागांनी भरले होते. माईने तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला, डोळे मिटले आणि मधल्या वाटीत बोट बुडवलं.

"हे डाग चेहऱ्याचे नव्हेत पोरींनो, मनाचे! चेहरा ही मनाची खिडकी. डॉक्टर बाहेरून काच पुसतो. आतली घाण कोण काढणार?"

पाच मिनिटांत मुलीचे गाल कोरे झाले. बायकांनी हॉल डोक्यावर घेतला. एक आजी तर हुंदके देऊन रडायला लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर डागाचा ठिपकाही नव्हता.

तिसऱ्या रांगेत थोरली बसली होती. धाकट्या बहिणीने हट्ट केला म्हणून आलेली. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नऊ वर्षं काउंटरवर उभं राहून तिचे पाय सुजले होते आणि डोळे तयार झाले होते. ती चेहऱ्याकडे बघतच नव्हती, माईच्या बोटाकडे बघत होती. बोट चोळत नव्हतं, थोपटत होतं. तेही अनामिकेने. "चोळायचं नाही मॅडम, अनामिकेने थोपटायचं," हे वाक्य ती स्वतः दिवसातून वीसदा गिऱ्हाइकांना ऐकवायची, डाग झाकायचा कन्सीलर विकताना.

आणि वाट्या तीनच का? एकीत उगवतीची माती, दुसरीत मध्यान्हीची, तिसरीत मावळतीची. ज्या वेळी जन्म, त्या वेळची माती. जन्मवेळ माईला न विचारताच कळायची. गोऱ्या तेवढ्या सगळ्या उगवतीला जन्मल्या होत्या आणि सावळ्या तेवढ्या सगळ्या मावळतीला. या योगायोगाचं एकीलाही नवल वाटलं नाही.

थोरली बहिणीच्या कानाशी लागणार, तोवर धाकटी उठून स्टेजवर चढलीसुद्धा.

धाकटी बालवाडीची शिक्षिका. मुरमं तिला कॉलेजपासून होती, पण मुलांपुढे ती हसतमुख उभी राहायची. एक दिवस चार वर्षांच्या एका मुलाने विचारलं, "टीचर, तुमचा चेहरा कोणी चावला?" विचारणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण धाकटी घरी आली ती पुन्हा वर्गात गेलीच नाही. मोठ्या बाईंनी सुट्टी मंजूर केली, तीही या सत्रापुरती. पुढच्या सत्राला आली नाही तर जागा दुसरीला जाणार होती.

थोरलीने तिच्यासाठी दुकानातले सगळे कन्सीलर मनगटावर लावून पाहिले होते. डाग पूर्ण झाकेल, थापल्यासारखा दिसणार नाही आणि खिशाला झेपेल असा एक सापडलाही. धाकटीने ती ट्यूब टेबलावर ठेवून दिली. "मला झाकायचे नाहीयेत गं ताई. मला ते नकोच आहेत." त्वचेच्या डॉक्टरांचं मलम मात्र तिने चालू ठेवलं होतं, पण त्याला सहा महिने लागणार होते, आणि सहा महिने कुणाला धीर असतो?

माईने पाच मिनिटांत काम केलं. आरशात बघून धाकटी ढसाढसा रडली. "ताई, बघ ना!" थोरलीला सगळं कळलं होतं. तरीही तिने टाळ्या वाजवल्या. कित्येक दिवसांनी बहीण हसली होती आणि ते हसू पुसायचा तिला धीर झाला नाही. पुढे त्या टाळ्या आठवल्या की तिला स्वतःचेच हात धुवावेसे वाटायचे.

मातीबरोबर नियम होते. तीन दिवस चेहऱ्याला पाणी नाही. औषध बंद, कारण औषध म्हणजे अविश्वास. आणि तेलाचा थेंबही जवळ आणायचा नाही. "तेल लागलं तर एकेका डागाचे दोन होतील!" चौथ्या दिवशी पुन्हा हॉल, पुन्हा माती, पुन्हा दक्षिणा.

महिनाभरात धाकटीचा जबडा सुजला. मातीच्या थराखालून टेंगळं वर आली, त्यांतून पू वाहायला लागला. ती त्यावर पुन्हा माती लावून घेऊन यायची. "घाण बाहेर पडतेय, माई म्हणाल्या."

एका सकाळी थोरली उशीचा अभ्रा धुवायला काढत होती. त्यावर पिवळट डाग होते आणि एक वास होता, जुन्या मेणाच्या खडूंसारखा आंबूस. तो वास तिच्या नाकाने लगेच ओळखला. दुकानाच्या मागच्या खोलीत मुदत संपलेल्या कन्सीलरचा खोका होता, त्याचा हा वास. मालक तो माल फेकत नसे. एक नाटकवाला दर महिन्याला येऊन सगळा उचलायचा. "स्टेजवर दोन तासांपुरतं लावायचं, तारीख कोण बघतंय?" आणि त्या ट्यूब मोजून पिशवीत भरून द्यायची कोण? तर थोरलीच. फिकट वेगळ्या, मध्यम वेगळ्या, गडद वेगळ्या.

आपण भरून दिलेली घाण आपल्याच बहिणीच्या गालात सडत होती.

पुढच्या बैठकीला ती आपणहून स्टेजवर गेली. तिच्या उजव्या गालावर आठ-दहा काळपट डाग होते. धाकटी खालून बघतच राहिली, कारण काल रात्री जेवताना ते नव्हते.

माईने हनुवटी धरली. "अरेरे! सात वर्षांचा राग साठलाय बाळ. सासरच्या माणसाचा."

"माझं लग्न झालेलं नाही माई."

"होणाऱ्या सासरचा!" माई सहजी हार मानणारी नव्हती. मध्यान्हीची माती थोपटली गेली, गाल साफ झाला, टाळ्या पडल्या.

थोरलीने पर्समधून भुवया रंगवायची पेन्सिल काढून उंच धरली. "हा माझा सात वर्षांचा राग. आज सकाळी नऊ वाजता बाथरूमच्या आरशात बघून काढला."

कुणी तरी फिस्सकन हसलं. मग तिने तेलात भिजवलेला कापूस काढला.

"तेल नको!" माई किंचाळली. "डागाचे दोन होतील!"

थोरलीने गाल पुसला. कापसावर माती आली आणि तिच्याबरोबर पेन्सिलही. गाल होता तसा, स्वच्छ. "दोन व्हायचे होते ना माई? इथे तर एकही उरला नाही."

पडद्यामागून एक माणूस तिला ओढायला धावला. ती त्याच्याकडे वळली. "या नाटकवाले! तालीम जोरात दिसतेय तुमची. बायांनो, ही माती नाही. आमच्या दुकानातला मुदत संपलेला कन्सीलर आहे. याला मीच भरून दिलाय, माझ्या या हातांनी. तीन वाट्या म्हणजे तीन रंग. तेलाची बंदी, कारण तो तेलाने निघतो. एवढीच विद्या."

"श्रद्धा नाही तिथे डाग परत येणारच!" माईने शेवटचा हात मारून पाहिला.

"श्रद्धा माझी होती," मागून आवाज आला. धाकटी स्टेजवर आली होती. तिने बहिणीच्या हातातून कापूस घेतला आणि दोनशे बायकांसमोर आपला चेहरा पुसायला लागली. कपाळ, गाल, जबडा. थराखालचं कातडं लालभडक सुजलेलं होतं, जबड्यावर पू साकळला होता. पुढच्या रांगेतल्या बाईने तोंडाला पदर लावला. "महिनाभर मी यांचं सगळं ऐकलं. पाणी नाही, औषध नाही. बघा माझी श्रद्धा."

मग रडलेली ती आजी आपल्या नातीला घेऊन पुढे आली. "पोरी, तो कापूस इकडे दे." तिच्या मागे रांग लागली. माई मागच्या जिन्याने कधी सटकली ते कुणी पाहिलं नाही. चांदीच्या वाट्या मात्र ती विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी थोरलीने दुकानाच्या मालकाच्या टेबलावर तो खोका आपटला आणि त्याच्यादेखत एकेक ट्यूब कापून कचऱ्यात टाकली. आता कुणी कन्सीलर मागितला की ती चांगला, स्वस्तातला, ताज्या तारखेचा काढून देते, जबड्याच्या कडेला लावून रंग जुळवते आणि बजावते, "हा झाकतो. बरं करत नाही. रात्री धुवायचा, औषध सोडायचं नाही. आणि कुणी म्हणालं की पाच मिनिटांत बरं करतो, पण प्रश्न विचारू नका, धुऊन बघू नका, तर तिथेच धुऊन बघायचं."

नवं सत्र सुरू झालं तेव्हा धाकटीच्या जबड्यावर खुणा होत्याच, माईने दिलेल्या दोन नव्या धरून. मलम लावून ती वर्गात उभी राहिली. तोच मुलगा पुढे आला, नीट बघून म्हणाला, "टीचर, अजून गेलं नाही?"

"नाही रे. औषध चालू आहे. वेळ लागतो."

"बरं," तो म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.